नावांच्या यादीत एक रकाना वाढवा

प्रति,
नोंदणी विभाग, परीक्षा विभाग, अर्जांचे नमुने आखणारे, नोंदणीची सॉफ्टवेअर बनवणारे आणि नावांच्या याद्या तयार करणारे सर्वजण यांना

सप्रेम नमस्कार.

तुम्ही केलेली यादी शेवटी माझ्या हातात येते. पदवीप्रदान समारंभात व्यासपीठाच्या कडेला माइकपाशी उभी राहून एकामागून एक नावे पुकारणारी जी बाई दिसते, ती मी. गेली बरीच वर्षे मी हे काम करते आहे आणि मला ते मनापासून आवडते. एका विद्यार्थ्याच्या वाट्याला तिथे जेमतेम सात-आठ सेकंद येतात. नाव पुकारले जाते, तो चार पावले चालतो, पदवी घेतो, मान लववतो आणि पायऱ्या उतरतो. त्याच्या तीन-चार वर्षांच्या कष्टांपैकी सभागृहाला ऐकू येते ते फक्त त्याचे नाव. ते नाव नीट यावे म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी एका मुलीचे नाव मी चुकवले. यादीत ते सगळे मोठ्या रोमन अक्षरांत, वरच्या खुणा गाळून छापलेले होते. मी जसे दिसले तसे वाचले. ती पुढे आली, पण डाव्या बाजूला बसलेली तिची माणसे जागची हलली नाहीत. मोबाइल समोर धरून ती आपल्या मुलीच्या नावाची वाट पाहत होती. मी पुकारलेले नाव तिचेच होते हे त्यांच्या लक्षात आले, तोवर ती पायऱ्या उतरत होती. तिची आजी गडबडीने उभी राहिली, दोन्ही हात वर केले, आणि नेमके तेव्हाच मी पुढचे नाव घेतले. कार्यक्रम संपल्यावर मी त्या मुलीला शोधून काढले आणि माफी मागितली. ती हसून म्हणाली, "असू दे मॅडम, सवय आहे."

तिचे नाव इथे लिहीत नाही. पण ते दोन शब्द अजून माझ्या कानात आहेत. सवय आहे म्हणजे काय, तर शाळेच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक हजेरीला तिने हेच सोसले आहे. हजेरी घेणारा आपल्या नावाशी आला की अडखळतो, कपाळाला आठ्या घालतो, हे तिला लांबूनच ओळखू येते, आणि त्याने तोंड उघडायच्या आत ती हात वर करून "हजर" म्हणून टाकते. असा हात वर करणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. ती नाव वाचलेच जाऊ नये म्हणून घाई करतात.

त्या दिवशी चूक माझ्या जिभेची होती हे मला मान्य आहे. मी आधी विचारायला हवे होते. पण विचारायचे कुणाला? सहाशे नावांची यादी आदल्या संध्याकाळी हातात आली होती आणि तिच्यात क्रमांक, शाखा, श्रेणी असे सगळे रकाने होते. नाव कसे म्हणायचे, यासाठी मात्र एकही रकाना नव्हता.

"नावे हल्ली फार अवघड ठेवतात हो," असे मला नेहमी ऐकवले जाते. मला ते पटत नाही. ज्या घरात नाव ठेवले गेले त्या घरात ते कुणालाच अवघड नसते. तान्ह्या मुलाला ते शंभर वेळा हाक मारून शिकवलेले असते. अवघडपणा येतो तो नाव एका लिपीतून दुसऱ्या लिपीत आणि एका कानातून दुसऱ्या कानात जाताना. कमला या नावात मराठी माणसाला काय अवघड वाटणार? पण कमला हॅरिस यांना अमेरिकेत आपल्या नावाची सुरुवात स्वल्पविरामाच्या इंग्रजी शब्दासारखी, 'कॉमा' अशी करा, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

आपली देवनागरी तरी कुठे सगळे सांगते? 'जसे लिहितो तसे वाचतो' असे आपण अभिमानाने म्हणतो, पण जुई आणि जया या दोन नावांतला 'ज' एकच नाही. लिहिताना तो एकच दिसतो, जिभेला मात्र फरक ठाऊक असतो. ज्याची मायबोली मराठी नाही त्याने तो फरक कुठून ओळखावा? 'ज्ञ'चेही तसेच. मराठीत तो 'द्न्य' होतो, हिंदीत 'ग्य' होतो, म्हणून ज्ञानेश्वर हे नाव रोमनमध्ये लिहिताना आपण डी, एन, वाय अशी सुरुवात करतो आणि हिंदी भाषक जी आणि वायने करतो. दोघेही आपापल्या उच्चाराशी इमान राखतात. 'ऋ'ची तर कमालच आहे. ऋता नावाच्या मुलीचे रोमन स्पेलिंग मराठी घरात आर, यू असे होते आणि हिंदी घरात आर, आय असे. हृषीकेशचे स्पेलिंग कुणी एच, आरने सुरू करतो, कुणी आर, एचने, तर कुणी नुसत्या आरने. या तिन्ही मुलांना त्यांच्या घरी एकाच नावाने हाक मारतात. तुमच्यापैकी कुणी तरी अशा स्पेलिंगवर लाल रेघ ओढून 'दुरुस्त' करतो आणि मग त्या मुलाच्या दोन दाखल्यांवर दोन नावे होतात.

कागदावरचे नाव 'विचित्र' दिसण्यामागे बहुतेक वेळा नाव ठेवणाऱ्याची हौस नसते, तर एखाद्या लेखनपद्धतीचा इतिहास असतो. आयरिश नावांचेच पाहा. एन, आय, ए, एम, एच असे लिहिलेले मुलीचे नाव 'नीव' असे म्हणतात. एस, आय, ओ, बी, एच, ए, एन हे 'शिवॉन' होते. इंग्रजी वळणाच्या डोळ्याला हे अशक्य वाटते, पण त्यामागे नियम आहे. आयरिशमध्ये काही व्यंजने मृदू होतात आणि तसे झाले की 'ब' किंवा 'म'चा 'व' होतो. जुन्या गेलिक ठशांत हे दाखवायला त्या अक्षरावर एक टिंब द्यायचे. विसाव्या शतकात रोमन ठसे रूढ झाले, टिंब गेले आणि त्याच्या जागी एच लिहिणे कायम झाले. एका टिंबाच्या जागी आख्खे अक्षर आले आणि नीव नावाच्या मुली जगभर 'नियाम' म्हणून पुकारल्या जाऊ लागल्या.

स्कॉटलंडच्या मेन्झीस या आडनावाची गोष्ट अशीच आहे. जुन्या स्कॉट्स लेखनात 'योख' नावाचे एक अक्षर होते. छापखान्यांकडे त्याचा खिळा नव्हता, म्हणून त्याच्याशी दिसायला जवळचा झेड लावून काम भागवले गेले. आडनावात झेड कायमचा बसला, पण तोंडातला उच्चार 'मिंगिस' असाच राहिला. ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते झालेले मेन्झीस कॅम्पबेल यांना लोक 'मिंग' म्हणत, ते यामुळेच. उलट ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस आपले आडनाव झेडसह म्हणत. स्पेलिंग तेच, उच्चार दोन, आणि दोन्ही बरोबर. कारण आपले नाव कसे म्हणायचे हे ज्याचे त्याने ठरवले होते. संगीतकार व्हॉन विल्यम्स यांचे पहिले नाव 'राल्फ' असे लिहिलेले दिसते, ते स्वतः 'रेफ' म्हणत. या बाबतीत शब्दकोशाला विचारून उपयोग नाही. माणसालाच विचारावे लागते.

खुणा गाळल्याने काय होते तेही सांगते, कारण तुमच्या यंत्रणेत खुणा सर्वांत आधी गळतात. व्हिएतनामी भाषेत 'शूर' अशा अर्थाचे मुलाचे एक नाव आहे. ते डी, यू, एन, जी असे लिहितात आणि यूवर लाटेसारखी एक खूण असते. डीच्या दांड्यावर आडवी रेघ नसेल तर तो 'ड' नसतोच. उत्तरेकडे ते नाव 'झूंग'च्या जवळ जाते, दक्षिणेकडे 'यूंग'च्या. यूवरची खूण काढून टाका आणि तो शब्द इंग्रजी म्हणून वाचा. उरते ते शेण. आईबापांनी मुलाला शूर म्हटले आणि यादीने त्याला शेण केले. ही थट्टा त्या मुलाने वर्गात किती वेळा सोसली असेल याचा विचार करा. आयरिशमध्ये 'शॉन' या नावातल्या एवर तिरकी रेघ असते. ती गेली की उरलेल्या शब्दाचा अर्थ होतो 'म्हातारा'. या खुणा म्हणजे आपल्या काना-मात्रा आहेत. 'सुमन'च्या 'म'ला काना लागला तर ती सुमन राहत नाही, हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

तुम्ही म्हणाल, नियम असतात, मानके असतात. असतात खरी. एक ग्रीक गृहस्थ जर्मनीत मसाजचा व्यवसाय करत. तिथल्या नोंदीत त्यांच्या आडनावाचे स्पेलिंग थोडे चुकले होते, म्हणून त्यांनी दुरुस्ती मागितली. नोंदणी कार्यालयाने ग्रीक अक्षरांचे लिप्यंतर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे केले आणि 'ख्रिस्तोस'चे 'ह्रेस्तोस' झाले, कारण ग्रीकमध्ये आज 'ई' असा उच्चार होणाऱ्या अक्षराला त्या मानकाने 'ए' ठरवले होते. दुरुस्ती मागायला गेलेला माणूस स्वतःलाच ओळखू येणार नाही असे नाव घेऊन परत आला. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. ३० मार्च १९९३ रोजी न्यायालयाने सांगितले की उच्चार इतका विद्रूप होणार असेल की गिऱ्हाइकांनी त्याला दुसराच कुणी समजावे, तर असे स्पेलिंग वापरण्याची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण न्यायालयाने अक्षरांबरोबर उच्चारही मोजला.

'सिस्टिम घेत नाही' हे वाक्य तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ऐकवत नाही. बेल्जियममधल्या एका बँकेनेही आपल्या ग्राहकाला हेच सांगितले होते. त्याच्या नावातली खूण त्यांच्या जुन्या मेनफ्रेम संगणकावर उमटत नव्हती. २०१९ मध्ये ब्रुसेल्सच्या अपील न्यायालयाने ते उत्तर स्वीकारले नाही. नाव ही माणसाची वैयक्तिक माहिती आहे, ती अचूक असण्याचा त्याला हक्क आहे आणि जुना संगणक ही त्यावरची सबब होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

अमेरिकेच्या हवाई राज्यातल्या एका महिलेचे आडनाव पस्तीस अक्षरांचे, आणि त्यात हवाईयन भाषेतली ओकिना ही खूणही. वाहन परवान्यावर ते मावले नाही. परवान्यावर तिचे आडनाव तुटलेले आणि पहिले नाव गायब. पोलिसाने अडवून त्यावरून बोल लावल्यावर तिने २०१३ मध्ये आवाज उठवला आणि राज्याने नावासाठीची जागा चाळीस अक्षरांपर्यंत वाढवली. म्हणजे जागा वाढवता येते. कुणी तरी भांडेपर्यंत ती वाढवली जात नाही, एवढेच. 'नल' आडनावाच्या माणसांचे दुखणे आणखी वेगळे. संगणकाच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'इथे काहीच नाही', म्हणून आडनाव भरून पाठवले तरी अर्ज सांगतो, आडनाव भरा. आडनाव नसलेली माणसेही या जगात भरपूर आहेत. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांना एवढे एकच नाव होते. त्यांच्या देशाने डच वळणाचे ओ-ई सोडून यू स्वीकारला, तरी सही मात्र ते जुन्याच स्पेलिंगने करत राहिले. हात वळलेला होता. अशा माणसाला तुमचा अर्ज 'चुकीची नोंद' म्हणून परत पाठवील.

पासपोर्टची अडचण मला समजते. त्याच्या खालच्या बाजूला यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यांत नावासाठी ३९ घरे असतात आणि इंग्रजी सव्वीस अक्षरांपलीकडे काही चालत नाही. जगभरच्या विमानतळांवरच्या यंत्रांना एकच भाषा हवी, हे रास्त आहे. पण त्याच पानावर, त्या ओळींच्या वर, माणसाचे नाव खुणांसह छापायला जागा ठेवलेली आहे. जर्मन माणसाच्या यूवरची दोन टिंबे वर शाबूत असतात आणि खाली त्या यूपुढे ई येते. यंत्राला हवे ते यंत्राला दिले आणि माणसाचे माणसाकडे राहिले. तुमच्या यादीत मात्र खालचीच ओळ उरते आणि तीच माझ्या हातात येते.

रकाना वाढवणे हे भलते मागणे आहे असे वाटत असेल तर जपानकडे पाहा. तिथे एकाच चित्राक्षराचे अनेक उच्चार होतात, त्यामुळे नाव नुसते पाहून ते कसे वाचायचे हे जपानी माणसालाही खात्रीने सांगता येत नाही. तरीही कुटुंबनोंदणीच्या मूळ दप्तरात उच्चाराची अधिकृत नोंद नव्हती. कायदा बदलला आणि २६ मे २०२५ पासून ती होऊ लागली. 'आमच्याकडे तुमच्या नावाचा उच्चार असा आहे, चूक असेल तर कळवा' अशा अर्थाची पत्रे सरकारने लोकांना धाडली. आख्ख्या देशाने प्रत्येक नागरिकाला त्याच्या नावाचा उच्चार विचारला. मला सहाशे जणांचा हवा आहे.

त्या मुलीच्या प्रसंगानंतर मी माझ्यापुरती पद्धत बदलली. व्यासपीठामागे रांग लागते तिथे मी कार्यक्रमाच्या तासभर आधी जाते. हातात नावांची कार्डे आणि शिसपेन्सिल. प्रत्येकाकडून नाव ऐकायचे आणि कार्डावर देवनागरीत लिहायचे, जोर कुठे येतो तिथे खाली रेघ मारायची. देवनागरी फार कामाला येते. 'नीव' लिहिले की संपले, एम आणि एच आठवत बसावे लागत नाही. चिनी भाषेतले चढ-उतार तिच्यात मावत नाहीत, तेव्हा बाण काढते. लॅटिन अक्षरांतल्या चिनी लेखनात एक्सचा उच्चार 'श'जवळ आणि क्यूचा 'छ'जवळ जातो, एवढे माहीत असले तरी निम्मी भीती जाते.

या कामात एक गोष्ट मी चुकत चुकत शिकले. "याचा उच्चार असाच ना?" असे विचारायचे नाही. रांगेत उभा असलेला, आधीच घाबरलेला मुलगा "हो, चालेल" म्हणतो. कित्येकदा ते खरे नसते. "तुझं नाव मला सांगतोस का?" असे विचारायचे, गप्प राहून ऐकायचे, आणि मग त्याच्यासमोर म्हणून दाखवायचे. बरोबर आले की त्याचा चेहरा उजळतो. एकदा एका मुलाने मला चार वेळा म्हणायला लावले. प्रत्येक वेळी नम्रपणे "थोडं वेगळं" म्हणत राहिला. चौथ्यांदा जमले तेव्हा त्याने मागच्या मित्राला सांगितले, "आज बरोबर येणार." मित्राने त्याच्या पाठीवर थाप मारली. ते कार्ड मी जपून ठेवले आहे.

"एखादं सोपं नाव नाही का? लाडाचं?" असे विचारणारेही याच रांगेपाशी उभे असतात. कृपा करून हे विचारू नका. कुणी आपण होऊन छोटे नाव सांगितले तर ते जरूर घ्यावे, त्याची तशी इच्छा असते. ओप्रा विन्फ्री यांच्या जन्मदाखल्यावरचे नाव बायबलमधले 'ओर्पा' होते. लोकांनी 'प'-'र'ची अदलाबदल केली आणि पुढे त्यांनी तेच आपले मानले. मानणाऱ्याने मानले तर ते त्याचे. पण मुलाने काही म्हणायच्या आत आपल्या सोयीसाठी त्याचे नाव कापायचा अधिकार ना माझ्याकडे आहे, ना तुमच्याकडे.

पण तासाभरात सहाशे जणांना मी एकटी विचारू शकत नाही. दीडशे-दोनशे होतात. उरलेल्यांच्या नावांशी मी आजही तुमच्या यादीच्या भरवशावर जाते. आणि हजेरी घेणारा शिक्षक, रुग्णाला आत बोलावणारी परिचारिका, मुलाखतीला हाक मारणारा कारकून यांच्याकडे तर तेवढाही तास नसतो. हे काम जिथे नाव पहिल्यांदा लिहिले जाते तिथेच व्हायला हवे, म्हणजे तुमच्या टेबलावर.

म्हणून मागणे एवढेच. अर्जात नावाखाली उच्चारासाठी एक रकाना द्या. तो सक्तीचा नको, ज्याला हवा त्याने भरावा, आणि तो कोणत्याही लिपीत भरता यावा. सोय असेल तर दहा सेकंदांचा आवाज नोंदवू द्या. नावासाठी घरे मोजून देऊ नका. खुणा आल्या तशा ठेवा. मधले मोठे अक्षर लहान करू नका आणि लहान असलेले मोठे करू नका. स्पेलिंग विचित्र वाटले तर दुरुस्त करू नका, फोन करून विचारा. आणि नोंद चुकली असेल तर ती बदलून घ्यायला त्या माणसाला वर्षभर खेटे घालायला लावू नका. तुमच्यावर कामाचा किती भार असतो हे मी जवळून पाहिले आहे. एका रकान्याने तो वाढेल, हेही मला कळते. तरी मागते आहे.

रकान्याचा मजकूर मी लिहून देते. आहे तसा उचला किंवा हवा तसा बदला:

'तुम्हाला घरी ज्या नावाने हाक मारतात ते नाव कसे म्हणायचे, हे जसे ऐकू येते तसे लिहा. जोर जिथे येतो त्या अक्षराखाली रेघ मारा. आम्ही म्हणून दाखवावे असे वाटत असेल तर इथे खूण करा.'

शेवटचे वाक्य गाळू नका. त्या खुणेपुढच्या प्रत्येक नावासाठी मी समारंभाच्या आदल्या दिवशी स्वतः फोन करीन. नवी यादी छापायला जाण्यापूर्वी माझ्याकडे पाठवा.

आपली,
नावे पुकारणारी